धोपेश्वरकरकाकांचे शामराव

धोपेश्वरकरकाकांकडे नवा ॲम्प्लिफायर आला की आमच्या गल्लीत कुणी ‘आवाज कसा आहे?’ असं विचारत नाही. ‘शामराव आले का?’ असं विचारतात.

हे शामराव कोण, ते आधी सांगते. काकांकडे एका परदेशी रॉक बँडच्या जाहीर कार्यक्रमाची जुनी तबकडी आहे. तिच्या दुसऱ्या बाजूला, तिसरं गाणं सुरू व्हायच्या जरा आधी, गिटारवाला तारा जुळवत असताना गर्दीतला एक माणूस काहीतरी ओरडतो. काय ओरडतो ते आजवर कुणालाही कळलेलं नाही. बहुधा आपल्या आवडीचं गाणं मागत असावा. बँड त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करून भलतंच गाणं सुरू करतो. हा माणूस म्हणजे शामराव. नाव काकांनी ठेवलंय. काकांच्या खात्यात एक शामराव होते, ते प्रत्येक मीटिंगमध्ये हात वर करून काहीतरी मागायचे आणि साहेब पुढचा विषय घ्यायचे. तेच हे, असं काकांचं मत पडलं.

साध्या सेटवर शामराव ऐकूच येत नाहीत. बऱ्या सेटवर लांब कुठेतरी दार करकरल्यासारखं वाटतं. उत्तम सेट असेल तर शामराव डावीकडे, सातव्या रांगेच्या आसपास उभे असतात आणि त्यांचा घसा बसलेला आहे हेसुद्धा समजतं. काकांची सगळी पारख एवढीच. वॉट, ओहम, माहितीपत्रकातले आकडे यांतलं काही ते विचारत नाहीत. इंजिनिअर माणूस, त्यांना ते सगळं येतं. पण सेटसमोर बसले की डोळे मिटतात आणि म्हणतात, “गाणं राहू दे. माणसं कुठायत?”

स्टुडिओत बनवलेलं गाणं काका ऐकत नाहीत. त्यांच्या मते ते म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये कुणी नसताना वाजवलेली सनई. त्यांच्याकडच्या दीड-दोनशे तबकड्या आणि कॅसेटी सगळ्या जाहीर कार्यक्रमांच्या, आणि प्रत्येकीतले श्रोते त्यांच्या ओळखीचे. एकीत चुकीच्या जागी शिट्टी मारणारा आहे. एकीत खोकणाऱ्या बाई आहेत. त्या खोकल्या की काका हळहळतात, की एवढ्या थंडीत उघड्या मैदानावर यायचं कशाला. गाणं संपल्यावर टाळ्या पूर्ण विरेपर्यंत खोलीत कुणी बोलायचं नाही. एकदा मी मध्येच चहाचं विचारलं तर त्यांनी बोटानं गप्प केलं आणि टाळ्या संपल्यावर म्हणाले, “लोक अजून बसलेत मेधा. जरा मान ठेव.”

आणि एवढं सगळं करून, काका आयुष्यात एकदाही रॉकच्या कार्यक्रमाला गेलेले नाहीत. गर्दीत त्यांना घाबरायला होतं. लग्नातसुद्धा ते मांडवाच्या टोकाला, जनरेटरजवळ बसतात.

काका मूळचे अमरावतीचे. नागपूरला होस्टेलवर असताना कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर हे संगीत कानावर पडलं आणि चिकटलं. नोकरीसाठी भोपाळला आले, पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये राहिले, कारखान्यात टर्बाइनच्या चाचणी विभागात सगळी नोकरी केली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर कारखान्याच्या टाउनशिपबाहेर आमच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण राहते. तिला सगळे माई म्हणतात. माई सरकारी शाळेत हिंदी शिकवत होत्या आणि अजूनही व्याकरण चुकलं की वाक्य परत म्हणायला लावतात.

माईंची खाट बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात आहे, ती त्यांच्या सोयीसाठी नाही. स्पीकरचा जाड आवाज कोपऱ्यात साठून घुमतो आणि माईंची कापसाची गादी तो पिऊन टाकते, असा शोध काकांनी लावलाय. दुपारी माई झोपलेल्या असताना आवाज सगळ्यात स्वच्छ येतो, असंही ते सांगतात. स्पीकर हलले की खाट हलते. एका वर्षी ती पाच ठिकाणी फिरली. माई मला म्हणाल्या, “या घरात मी पाहुणी नाही, बहीण नाही. मी इथलं सामान आहे.” पण सांगितल्या जागी झोपल्या.

नव्या वस्तूंशी काकांचं जमत नाही. मागे एकदा माझ्यासाठी स्पीकर घ्यायला आम्ही टी. टी. नगरला न्यू मार्केटमध्ये गेलो होतो. दुकानदाराने नारळाएवढा एक डबा काढला आणि त्यात गाणं लावलं. काकांनी पिशवीतून पाणसळ काढून आधी काउंटर सपाट आहे का ते पाहिलं, मग फोनवरून आपली एक मैफल लावायला सांगितली. ऐकून म्हणाले, “भैया, इसमें लोग कहाँ हैं?” दुकानदार खूश होऊन म्हणाला की हीच तर खासियत आहे, मागचा सगळा नॉइज हा काढून टाकतो. काकांनी तो डबा उलटापालटा करून पाहिला. मग अगदी मऊ आवाजात त्याला म्हणाले, “वो नॉइज नहीं है बेटा. टिकट लेके आए हैं.”

तर असे हे काका, आणि गेल्या हिवाळ्यात त्यांचा ॲम्प्लिफायर जळला. रविवारची सकाळ होती. गाणं रंगात आलेलं, आणि फटकन आवाज होऊन खोलीत जळक्या रबराचा वास पसरला. माई खाटेवर उठून बसल्या आणि म्हणाल्या, “झालं शांत?” काकांनी झाकण उघडलं, आत बघितलं, आणि डॉक्टर जसा चष्मा काढतो तसा चष्मा काढला.

पुढचे तीन आठवडे काका शामरावांवाचून होते. उसने आणलेले दोन सेट परत गेले. एकात शामराव उजवीकडे आले, म्हणजे तारा उलट्या जोडलेल्या. त्या सरळ केल्यावर डावीकडे नुसतं दार करकरलं. दुसऱ्यात ते आलेच नाहीत. मग एका संध्याकाळी काका माझ्या दारात उभे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. अरेरा कॉलनीत एक मराठी जोडपं घर आवरून मुलाकडे पुण्याला चाललंय आणि त्यांना जुना सेट काढायचाय, असं कळलं होतं. चार दशकांपूर्वीचा ॲम्प्लिफायर, जड थाळीचा रेकॉर्ड प्लेअर आणि सागवानी पेट्यांचे कमरेएवढे स्पीकर. काका एकेक नाव सांगत होते आणि अंगणात उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे बघत होते. मागची सीट दुमडून किती जागा होते, हे त्यांनी आदल्याच दिवशी टेपने मोजून ठेवलं होतं. त्यांचा माझ्यावर जो जीव आहे त्यात माझ्या गाडीचा वाटा मोठा आहे.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली ती तबकडी, पिशवीत पाणसळ, टॉर्च, कापूस आणि स्पिरिट. पोहे-जिलेबीसाठी थांबू या म्हटलं तर नको म्हणाले. हाताला पाक लागला असता. चेतक पुलावर गाड्या अडकल्या तेव्हा ते दर मिनिटाला घड्याळ बघत होते, जणू कार्यक्रम आपल्यावाचून सुरू होईल.

सबनीसांचं घर दस नंबर मार्केटच्या मागच्या शांत गल्लीत होतं. सबनीस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्या पत्नी शैलाताईंनी दार उघडलं. आत अर्धं घर खोक्यांमध्ये गेलेलं, पण बाहेरच्या खोलीत तो सेट जागच्या जागी उभा होता. स्वच्छ, एक कण धूळ नाही. काका उंबऱ्यातच थांबले. देवळात थांबतात तसे.

सबनीस बोलायला लागले ते थांबेचनात. सेट कुठून आणला, पेट्या उज्जैनच्या कुठल्या सुताराकडून करून घेतल्या, लाकूड किती वर्षं वाळवलं. काकांना फार बरं वाटलं, आपल्यासारखाच माणूस भेटला म्हणून. मध्येच त्यांनी विचारलं की सुई शेवटची कधी बदलली. सबनीस म्हणाले, “हो, हो, चहा होईलच.” काका हसले. मीही हसले. वाटलं, बोलण्याच्या नादात आहेत.

मग काका जमिनीवर बसले. पाणसळ ठेवली, एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. टॉर्च पाडून सुई बघितली, स्पिरिटने पुसली. स्पीकरचं कापड काढून आतल्या कागदावर अगदी हळू फुंकर मारली. चेहरा दर मिनिटाला उजळत चालला होता. शेवटी अभ्र्यातून तबकडी काढली, दुसरी बाजू लावली आणि मागे सरकून डोळे मिटले.

मला या विषयातलं काही कळत नाही. पण त्या दिवशी भिंत गेली, एवढं मला कळलं. जिथे सबनीसांचं शोकेस होतं तिथे मैदान आलं. ढोल पोटात वाजत होते. दोन गाणी झाली, टाळ्या आल्या, आणि त्या इतक्या लांबवर पसरल्या की मी नकळत मान वळवून मागे पाहिलं. मग गिटारवाला तारा जुळवू लागला. काकांनी श्वास रोखला. शामराव ओरडले. डावीकडे, सातव्या रांगेत, बसलेल्या घशाने. आणि लगेच, त्यांच्या अगदी शेजारी, एक बाई हसली.

काकांनी डोळे उघडले. उठले, सुई उचलली, तीच जागा परत लावली. शामराव ओरडले, बाई हसली. हसणं खट्याळ होतं, ओळखीचं, शेजारच्याला कोपर मारून हसतात तसं. काकांनी ते चार वेळा ऐकलं. इतक्या वर्षांत हे हसणं एकाही सेटने त्यांना ऐकवलं नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाले, “मेधा, शामराव एकटे आले नव्हते गं.” सत्तरीचा माणूस, आणि दहावीचा निकाल लागल्यासारखा चेहरा.

हे सांगायला ते सबनीसांकडे वळले. तो हसण्याचा प्रकार, ते चार वेळा ऐकणं, सगळं त्यांनी भरभरून सांगितलं. सबनीस मान डोलावत होते. पायाने ताल धरला होता. काकांचं बोलणं संपलं तेव्हा ते म्हणाले, “सागवानच आहे. शंका नको.” आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की काकांनी सुई मघाशीच उचलली होती. खोलीत कसलाही आवाज नव्हता आणि सबनीसांचा पाय अजून हलत होता.

काकांनीही ते पाहिलं. शैलाताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि खालच्या आवाजात सांगितलं. तसा आवाज खाली आणायची गरज नव्हती, पण सवय. दोन वर्षं झाली, त्यांना काहीच ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं, त्यात नुसती खरखर. कॉलेजात इंदूरला ते ड्रम वाजवायचे. आता रोज सकाळी सेट पुसतात, तासभर समोर बसतात, पण लावत नाहीत. लोकांना कळू नये म्हणून समोरचा बोलायच्या आत आपणच बोलत राहतात. मुलाचा फ्लॅट लहान आहे, त्याने जुनं सामान आणू नका म्हणून सांगितलंय. तेव्हा निदान ऐकणाऱ्याच्या घरी जावं, एवढीच त्यांची इच्छा.

सबनीसांना कळलं होतं की आपल्याबद्दल बोलणं चाललंय. मिशा सावरत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला उठून निघून जावंसं वाटलं.

काकांनी चहा घेतला नाही. कोपऱ्यातला वेताचा मोढा उचलून स्पीकरच्या अगदी समोर ठेवला, सबनीसांच्या कोपराला धरून त्यांना त्यावर बसवलं, आणि त्यांचा उजवा तळवा सागवानी पेटीच्या बाजूवर, खालून वीतभर उंचीवर, सपाट दाबून धरला. मग माझ्याकडे कागद मागितला. मी पर्समधून वही काढून दिली. काकांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं की कारखान्यात एवढा गोंगाट असायचा की कानाचा काही उपयोग नव्हता, टर्बाइनचं बेअरिंग आम्ही हातानेच ऐकायचो. बोटं सैल सोडा. त्यांनी आवाजाचं बटण मी कधी पाहिलं नव्हतं इतकं फिरवलं आणि सुई ठेवली.

सबनीस आधी संकोचून बसले होते, फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखे. पहिल्या काही ठोक्यांत त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. काकांनी त्यांचा तळवा दोन बोटं वर सरकवला, मग आणखी थोडा पुढे, कापडाच्या कडेला. तिथे तो थांबला. सबनीसांनी दुसरा हातही लावला. कपाळ पुढे आणून पेटीला टेकवलं. काका त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून वहीत लिहून दाखवत होते: आता गिटार, हातात मुंग्या येतील. आता टाळ्या, पावसासारख्या. एरवी सुई तबकडीवर असताना कुणाला शिंकूसुद्धा न देणारा माणूस पानामागून पान लिहीत होता.

तिसऱ्या गाण्यात सबनीसांनी एकदम कपाळ उचललं. बहिऱ्या माणसांचा आवाज आपसूक मोठा होतो, तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “हा ढोलवाला घाई करतो.”

काकांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी वहीत लिहिलं: मी तेच म्हणतो. कुणी मानत नाही.

सबनीसांनी ते वाचलं आणि मोठ्याने हसले. त्यानंतर ती बाजू संपेपर्यंत दोघं भांडत होते, एक बोलून आणि एक लिहून; तो कुठे घाई करतो, कुठे सावरतो, आणि दोष त्याचा की गिटारवाल्याचा. शैलाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी चहा परत गरम केला, तो परत गार झाला.

गाडीत मागची सीट दुमडलेलीच होती. शैलाताई म्हणाल्या की न्यायचा असेल तर आजच न्या. काकांनी सेटकडे पाहिलं. मी त्यांना ओळखते. एवढी हाव मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. मग ते म्हणाले, तुमच्या मुलाला फोन लावा.

मुलगा पुण्यात, रविवारी कामात होता. सातव्या मजल्यावर दोन खोल्या, मुलांचा अभ्यास, जागा कुठे आहे, हे सगळं त्याने नीट, आदराने सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. ते फोनवर नेहमी अडखळतात, तसे त्या दिवशी अडखळले नाहीत.

“तुमच्या वडिलांना ऐकू येतंय,” ते म्हणाले. “हाताने येतंय. पण येतंय. मी आत्ता त्यांच्यासमोर बसलोय.”

मग मुलाने विचारलं, “खोकी केवढी होतील, काका?”

आम्ही रिकाम्या गाडीने परत आलो. माईंनी विचारलं, सेट कुठाय. काका म्हणाले की पसंत पडला नाही. आवाजाबद्दल त्यांना खोटं बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. माईंनी माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता आपली खाट स्वतःच भिंतीकडे सरकवली आणि जेवायची पानं घेतली.

पुढचे दोन रविवार काका अरेरा कॉलनीत जात होते. बेल्ट बदलला, फुगलेले कपॅसिटर बदलले, सगळ्या तारांना चिठ्ठ्या बांधल्या. शैलाताईंना मोढा कुठे ठेवायचा ते खडूने आखून शिकवलं. स्पीकर गुंडाळायला माईंच्या दोन गोधड्या गेल्या. आणि सकाळचा वेळ उरला की दोघं म्हातारे एका पेटीला चार हात लावून बसायचे.

टेम्पो निघाला त्या सकाळी धुकं होतं. सबनीस जोडपं संध्याकाळच्या गाडीने जाणार होतं. खोकी चढली, दोर बांधले गेले, काकांनी प्रत्येक गाठ ओढून पाहिली. सबनीसांनी काकांचा हात हातात घेतला आणि कधी नव्हे ते काहीच बोलले नाहीत. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला, ते दोघं आत गेले, आणि मी गाडीचं दार उघडलं. काका फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. दोन मिनिटं बसतो म्हणाले.

मी म्हटलं, काका, तो सेट परत मिळायचा नाही.

“सेट मिळेल गं,” ते म्हणाले. हात मांडीवर उघडे ठेवले होते. “पन्नास वर्षं मी ऐकतोय. शेजारी बसून कुणी ऐकलं, ते या तीन रविवारीच.”

मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते. चहा पिते, शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासते, मध्येच मान वर करून छान आहे म्हणते. मी गाडीचं दार लोटलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि कट्ट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले.